चाळीस ग्रॅमचा फरक

औलूत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
हिल्काबाईंच्या स्वयंपाकघरात मी ठोकळा परत न्यायला आले आहे,
सहा आठवड्यांची चाचणी संपली म्हणून.

बर्चच्या लाकडाचा ठोकळा. त्यावर कप टेकवला
की तिकडे तुर्कूत, मुलाच्या टेबलावर,
त्याचा जुळा कोमट होतो. बस, एवढंच.
ना आवाज, ना पडदा, ना कॅमेरा.
आई उठली, कॉफी झाली,
इतकीच खुशाली, सहाशे किलोमीटरवर.

कोमट म्हणजे किती, यावर आमचं आठ दिवस वाजलं होतं.
युक्का म्हणे छत्तीस. मी एकतीसवर अडून बसले:
तळहात वाटला पाहिजे, ताप नव्हे.

नोंदी चोख. रोज सकाळी सहा दहा.
एक खाडा नाही.
फक्त चौथ्या आठवड्यात, मंगळवार ते सोमवार,
कप चाळीस ग्रॅमनं हलका.
आणि पुढे तर वजन जवळजवळ दुप्पट.
समासात मी लिहून ठेवलंय: बिघाड?

विचारलं, तर त्या वेलदोड्याच्या पावाचे
तुकडे करत राहिल्या, न खाता.
"सिर्का ठेवायची. शेजारची. तिचा कप पातळ आहे.
मी इस्पितळात होते.
रैमोला कळतं, तर रात्रीच गाडी काढली असती त्यानं,
आणि रस्ता नुसता काच झालेला."

माझ्या तक्त्यात रकाने तीन:
वापरला, वापरला नाही, बंद पडला.
पेन हातात तसंच.

तुर्कूची गोष्ट मी त्यांना सांगणार नाही.
रैमोच्या ठोकळ्यावर मांजर झोपते.
पहिल्या आठवड्यातच तिनं जागा धरली.
सकाळी तो तिच्या पोटाखाली हात सरकवतो,
आई उठली की नुसती मांजरच ऊन,
"काही कळत नाही," फोनवर हसला होता,
"पण हात काढावासा वाटत नाही."

"आणि हे दुप्पट वजन?"
"दोन कप," हिल्काबाई म्हणाल्या,
मी ढ असल्यासारख्या. "घरी आले तरी
ती येतच राहिली. किल्ली तिच्याकडेच आहे.
तुमच्या त्या ठोकळ्यावर दोन्ही मावतात, जरा रेटून."

कडा गोल करताना मी एकाच कपाचा घेर धरला होता.

वायर काढली. ठोकळा पिशवीत घातला.
मेणकापडावर त्याचा फिकट चौकोन राहिला.
जिन्यात किल्ल्या वाजल्या,
आणि त्या माझ्याकडे न बघताच उठल्या,
पातळ कप काढायला.