फिरलेले वासे

चुलीवरच्या तुळईत आकडे कोरलेत: १६११.
विनिफ्रेड टकवेल त्यावर हात ठेवून सांगतात,
"घर तेव्हाचं."
खाली हेरफर्डच्या रस्त्यापर्यंत सगळ्यांना हेच ठाऊक.

मी ओकमधून पेन्सिलीएवढा गाभा काढला,
रात्री भिंगाखाली वर्षांची कडी मोजली.
झाड पडलं होतं १४७३ च्या हिवाळ्यात.

१६११ हे फक्त धुराड्याचं साल.
त्याआधी धुराडं नव्हतंच:
मधोमध जमिनीवर जाळ,
माणसं धुराखालून वाकून चालायची
आणि धूर गवताच्या छपरातून आपला आपण जायचा.
माळ्यावर चढलात तर बोटाला अजून काजळी लागते,
कुणाच्या तरी रात्रीच्या जेवणाची.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे उलटं झालं.
सुतारानं लाकूड ओलंच उभं केलं,
सांध्यासांध्यावर रोमन आकडे खोदले, दोन, तीन, चार
(पाच दोनदा आहे; तोही दमला असणार),
मग वाळता वाळता वासे पिळले
आणि घर निघालं त्यांच्या मागोमाग,
कुरकुरत.
आज जेवणाच्या खोलीत वाटाणा सांडला
तर थेट दुभत्याच्या कोठीत जाऊन थांबतो.

भिंती हेझलच्या कुडाच्या. माती, शेण, गाईचे केस.
उत्तरेच्या दोन खिडक्या विटांनी बुजवलेल्या:
सरकार उजेडावर कर घ्यायचं तेव्हा
कुणा एझरा टकवेलला अंधार परवडला.

धुराडं उसवताना गवंड्याच्या हाती बूट आला.
लहान मुलाचा, डाव्या पायाचा,
अंगठ्यापाशी फुगलेला.
वरून वाईट काही उतरू नये म्हणून ठेवायचे असे.
नवा चालत नसे.
संग्रहालयाचा फोन आला. दोनदा.

मी विनिफ्रेडबाईंना सांगितलं,
तुम्ही समजता त्याहून एकशे अडतीस वर्षं जुनं आहे.
त्या म्हणाल्या, "मग चहा टाकते."

शनिवारी चुना ओला असताना त्या आल्या,
बूट होता तिथे ठेवला,
आणि ॲप्रनच्या खिशातून काढून त्याला लागून
रूबेनची एक सपात, चौकड्यांची,
मार्चपासून पलंगाखाली असलेली.
दुसरीचं कुणी विचारलं नाही.

गवंड्यानं वीट बसवली, करणी पुसली.
"साल घालू?"
"नको," म्हणाल्या,
"येईल कुणी मोजायला."