मापांची वही

माझी मापांची वही मागून उघडली
की दुसरीच वही निघते.
पुढून : दोना झुल्मिराची कंबर, न्हाव्याच्या पोरीचा खांदा,
बोटीवरच्या खलाशांच्या विजारींची उंची.
मागून : मी.

जानेवारी, सहा वर्षांपूर्वीचा. निळा पट्टा नवाकोरा.
अक्षर बघा, पेन्सिल दातात धरून लिहिल्यासारखं :
एक. वाल्देनोरला एकदा तरी त्याच्याच कॉलरनं आवळायचं.
दोन. चार किलो कमी.
तीन. दोन वर्षांत जांभळा पट्टा.
खाली दोन रेघा. दुसरीनं कागद फाटलाय.

वाल्देनोर बंदरावर बर्फाच्या लाद्या उतरवतो.
ब्याण्णव किलो, आणि अंगाला कायम माशांचा वास.
तो छातीवर बसला की वाटायचं
कुणी शिलाई मशीनच ठेवलंय वर, पायट्यासकट.
मी श्वास रोखायचे. डोळे मिटायचे.
हात लांब करून ढकलायचे,
आणि तो सभ्य माणूस, 'माफ कर हं, मारिल्दा' म्हणत
तोच हात अलगद काढून घ्यायचा,
जाळ्यातून मासा सोडवावा तसा.

मेस्त्री ओस्मारिनो ओरडत नाहीत.
भिंतीला टेकून म्हणतात, 'कोपर आत.
पाहुणे आल्यासारखं दार काय उघडतेस?'
सहा वर्षं हेच एक वाक्य.

मधली पानं वाचवत नाहीत.
गुडघा. आठ महिने.
आईचं दुखणं.
एका पानावर नुसतं 'नाही गेले'.
पुढच्या पानावरही तेच, तारीखसुद्धा न घालता.
मग मध्येच तायनाराच्या किमोनोचं माप,
चुकून, की मुद्दाम, मागच्या बाजूला लिहिलेलं.
एकोणीस वर्षांची पोर. मला गाठलं,
आणि या डिसेंबरात पुढे गेली.
जांभळा पट्टा तिला लांब झाला.
दुसऱ्या दिवशी दुकानात : 'जरा कापून द्याल?'

पट्टा कापला की आत पदरावर पदर कापूस असतो,
पांढरा. बाहेर रंग कुठलाही असो.
हे तिला सांगितलं नाही.
टोक दुमडलं, दहा टिपा मारल्या. एक सुई मोडली.
पैसे घेतले. पूर्ण घेतले.
हेवा होता, खोटं कशाला बोलू.

मग मंगळवारी,
दिवसभराची गरमी पत्र्याखाली साचलेली,
वाल्देनोर नेहमीसारखा वर,
हनुवटी माझ्या गालात रुतवून,
आणि मला पत्र्यातली भोकं दिसली.
अकरा.
सहा वर्षं त्या छताखाली लोळतेय, कधी मोजली नव्हती.
म्हणजे डोळे उघडे होते.
म्हणजे श्वास चालू होता.
कोपर आत होतं, कुणी न सांगता,
सुईत दोरा ओवताना जीभ आपोआप बाहेर येते तसं.
कुशीवर वळले. वीतभर जागा झाली.
तिच्यात गुडघा सारला, तोच, दुखरा.
पुढं काय?
पुढं त्यानं पुन्हा दाबलं, मान धरली,
आणि मी त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं.
हरले.
तो घाम पुसत बसून राहिला. म्हणाला,
'आज होतीस कुठं? हाताला लागत नव्हतीस.'

सकाळी तापाजोसवरून वारा येतो,
वही कुठल्या बाजूनं वाचायची ते तोच ठरवतो.
या वर्षीचं लिहायचं राहिलंय.
एक. भोकं मोजणे.
खोडलं. मेस्त्रींनी पाहिलं तर?
पुन्हा लिहिलं.
दोन. विताची दीड वीत.
तीन

दारात वाल्देनोर. काखेत किमोनो गुंडाळलेला,
बगलेत उसवलेला, चांगला चार बोटं.
'तूच फाडलास काल,' म्हणतो,
आणि काउंटरवर पसरून ठेवतो, जरा कौतुकानंच.
मी चष्मा लावते. दोरा बघते.
शिवण जुनी आहे, कुजलेली,
खोकला असता तरी सुटली असती.
बोलत नाही.
'निम्मे पैसे दे,' म्हणते. 'शुक्रवारी ये.'