गडगा

नोल्सॉयच्या धक्क्यावर उतरले तेव्हा रात्रीचे साडेदहा,
आणि आकाश अजून ताकासारखं पांढुरकं.
धक्क्यावर एक मेंढी,
आणि मार्युन: सत्तरीची, पायांत लेकाचे गमबूट,
दोन नंबर मोठे.
"पक्षी बघायला आलात? बघण्यासारखं काही नाही.
अंधार पडेपर्यंत ते येत नाहीत
आणि अंधार पडला की दिसत नाहीत."

तासभर ओल्या गवतातून चाललो.
डावीकडे समुद्र, उजवीकडे नुसता त्याचा आवाज.
वाटेत तिनं सगळ्यांचे टॉर्च खिशात घालायला लावले:
माझा, डॅनिश जोडप्याचा,
आणि त्या पोराचा, ज्यानं नव्या कॅमेऱ्यावर
दोन महिन्यांचा पगार घातला होता.

मग एक गडगा.
कंबरेएवढा, चुन्यामातीशिवाय रचलेला,
कधीकाळी मेंढ्या अडवायला.
"कान लाव."
लावला.
आत दगड घुरघुरत होता,
मांडीवरच्या मांजरासारखा,
आणि मध्येच एक उचकी.
पुन्हा घुरघुर. पुन्हा उचकी.
भेगेतून वास येत होता
न वाळलेल्या लोकरीचा, माशाच्या तेलाचा.
"एक आत, अंड्यावर. जोडीदार समुद्रात,
दोन दिवस, तीन दिवस. वादळ असलं तर चार.
वजन म्हणशील तर एका पत्राएवढं,
तिकिटासकट."

साडेबाराला काळोख झाला,
म्हणजे झाला असं आम्ही मानलं.
माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं.
मग आणखी एक.
मग सगळी हवाच फडफडू लागली.
एकही पाखरू मी पुरतं पाहिलं नाही.
शेपटीवरचा पांढरा पट्टा,
एक अर्धं वळण,
गालाला चाटून गेलेला गारवा.
हजार भेगांच्या त्या गडग्यात
प्रत्येकाला हवी होती एकच.
कुठेतरी घुरघुर थांबायची, क्षणभर,
आणि दोन गळ्यांतून सुरू व्हायची.
कॅमेऱ्यावाला पोरगा गवतात उताणा पडला होता,
कॅमेरा पिशवीत.

परतलो तेव्हा गावात एक खिडकी उजळलेली नव्हती.
"माझी आई," मार्युन म्हणाली,
"रात्रभर खिडकीत दिवा ठेवायची.
बाबा आइसलंडच्या पाण्यात असायचे.
सकाळी उंबऱ्याशी ही पाखरं पडलेली असत,
काचेवर आपटून. मी टोपलीत वेचायचे.
एका सकाळी सोळा."
"आणि बाबा?"
"आले की. दर खेपेला आले.
त्यांना तो दिवा कधी दिसलाच नाही,
मध्ये डोंगर होता ना."
ती हसली. जरा जास्तच वेळ हसली.

हेरी, तिचा लेक, आता ट्रॉलरवर आहे,
ग्रीनलंडकडे कुठेतरी, सहा आठवडे झाले.
दारात तिनं त्याचे गमबूट काढले,
हातानं चाचपून जोडीनं ठेवले.
बटणाकडे माझा हात गेला, सवयीनं;
तिनं तो नुसता बाजूला केला.

अंधारातच तिनं कॉफी ओतली.
कप भरत आल्याचं
तिला आवाजावरून कळत होतं.