अकरा बिऱ्हाडं

पिठाच्या डब्यामागे, अंजिराच्या मुरांब्याला खेटून
माझा सर्व्हर बसलाय.
विटेएवढा. एक गिगाबाइट मेमरी,
हल्लीच्या फोनलाही लाज वाटावी इतकी.
पिकू बेटावरच्या पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा
साहेब म्हणाले, घड्याळ देऊ का, ग्रासिएत?
म्हटलं, वेळ आहे माझ्याकडे. मागच्या खोलीतलं ते खोकं द्या.

अकरा बिऱ्हाडं नांदतात त्यात.
बँडपथकाचं: दोन ट्रम्पेटवाले एकमेकांशी बोलत नाहीत,
फोटोत मात्र शेजारी उभे.
गुरुवारी समोरच्या बेटावरून येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं:
समुद्र खवळला की पहाटे फोन,
"लिहून टाक बाई, आज बोट नाही,
दुखऱ्या दाढेला म्हणावं सोमवारपर्यंत दम धर."
चीजवाल्या लुदोविनाचं.
पवित्र आत्म्याच्या सणात सूप कोणाच्या अंगणात, त्या यादीचं.
वर्षातून एक आठवडा तिथे रीघ,
एरवी कुत्रं फिरकत नाही.
आणि मधवाल्या अर्मिनियुचं,
जो तीन वर्षांपूर्वी गेला.

पत्ता एकच, दार एकच.
येणाऱ्याला उंबऱ्यावरच विचारायचं: कोणाकडे?
नाव सांगितलं की त्या खोलीत पाठवायचं.
पोस्टात चाळीस वर्षं हेच केलं.

नाव न सांगणारे रात्री येतात.
हजारांनी. कुठकुठून.
कडी हलवतात, "अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन" पुटपुटतात, पुढे जातात.
मी कुलूप बदललं आणि गाढ झोपले.
पण वही जागी होती.
प्रत्येक चोराचं नाव, गाव, वेळ
इमानेइतबारे लिहीत होती,
आणि फेब्रुवारीतल्या एका पहाटे डिस्क भरली काठोकाठ.
अकराही बिऱ्हाडं रस्त्यावर.
चोरांनी काही नेलं नाही हो,
त्यांची हजेरी मांडता मांडता घर बुडालं.

वही फाडली. जरा हवा आली.
तरी दाटी होतीच; कोणाला तरी निघा म्हणायला हवं होतं.
मेलेला माणूस भांडत नाही,
म्हणून अर्मिनियुच्या खोलीपासून सुरुवात केली.

रोज एक पाहुणा. फक्त एक.
पहाटे तीन वाजून पाच मिनिटांनी.
हे मला ठाऊक होतं. इदालिनाला मीच सांगायचे,
बेकरीत, पावाची वाट बघत उभ्या असताना.
ती विचारायची, "त्याच्या पानावर येतं का गं कोणी?"
मी म्हणायचे, "रोज एक जण."
तिने हिशेबही मांडला होता:
इथे तीन म्हणजे अमेरिकेत रात्रीचे अकरा,
धाकटा पाळी संपवून घरी येत असेल,
फोन नाही करत, पण बघतो.

त्या दिवशी पहिल्यांदा चष्मा लावून पाहुण्याचा पत्ता वाचला.
हाच.
हेच घर. हीच वीट.
अर्मिनियुचं पान तेव्हा सारखं कोलमडायचं,
म्हणून मीच नेमला होता एक पहारेकरी,
रोज पहाटे जाऊन बघ, श्वास चालू आहे का.
नेमला आणि विसरले.

दोन दिवस बेकरीकडे फिरकले नाही.
तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं,
रांगेतच, हळू आवाजात.
इदालिनाने पाव मोजून घेतले. एक परत केला, करपला होता.
मग म्हणाली,
"म्हणजे तीन वर्षं न चुकता येतोय बिचारा,
आणि तू त्याला जुना भाव दाखवतेस?
मध आता आठ युरो झालाय. पोळी मी बघते हल्ली.
बदल ते आजच."

बँडचे जुने व्हिडिओ काढून टाकले.
दोन्ही ट्रम्पेटवाल्यांचे फोन आले, वेगवेगळे, एकाच शिवीसकट.

भाव बदललाय.
रात्री जाग आली तर डब्यामागचा हिरवा दिवा लुकलुकत होता.
तीन वाजून गेले होते बहुतेक.