तिसऱ्या मजल्यावरची

तिसऱ्या मजल्यावरची बाई स्पेनची नाही,
हे मी आता इस्त्रीवाल्यालाही सांगतो.
पासपोर्ट स्पेनचा, खरं आहे.
आमच्या सातबाऱ्यावरही आता सिडकोचं नाव आहे,
म्हणून का मी सिडकोचा झालो?

नाव मरिचेल. खाडीत पाखरं मोजते,
गळ्यात दुर्बीण, चिखल गुडघ्यापर्यंत.
तिच्या मुलखात एब्रो नावाची नदी समुद्राला मिळते
तिथं हेच गुलाबी पाय, आणि भातखाचरं.
"भात लावतात?" कुंदा म्हणाली, "मग आपलीच."
कुंदाला तेवढं पुरलं.
मला दीड वर्ष लागलं.

सांगते तरी कसं!
म्हणे आमचा मोठा दिवस अकरा सप्टेंबर,
त्या दिवशी आम्ही हरलो, तीनशे वर्षांपूर्वी.
हरल्याचा सण? मी हसलो,
मग करावे गावात हसणं बंद झालं.
दर जानेवारीत आम्ही जासईला जातो ते कशासाठी?
साडेबारा टक्के मिळाले, बरोबर,
पण हात कोणी टक्क्यांना जोडत नाही.

मतदानाचं विचारलं.
पेट्या प्लास्टिकच्या होत्या, म्हणाली, चिनी,
मामीनं एक कपाटात दडवली, हिवाळी रजयांमागे.
मग पोलीस आले.
मामीच्या मनगटात अजून सळई आहे.
"आणि आता?"
"आता मामी त्यावर बोलत नाही.
आता सगळे भाड्यावर बोलतात."
बार्सिलोनात तिच्या जिन्यावर रात्रभर
चाकांच्या बॅगा खडखडायच्या;
मालकानं एकेक खोली पाहुण्यांना दिली, दिवसाच्या भावानं,
शेवटी तिचीही.
हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.
विमानतळ सुरू झाल्यापासून दलाल मलाही फोन करतो,
ते तिला कुठून कळलं असेल?

मेथीवाल्याशी ती मराठीत बोलते.
तो हिंदीत उत्तर देतो. मीही मध्ये पडतो, हिंदीतच.
ती खो खो हसते:
अगदी आमच्यासारखं!
समोरून एक स्पॅनिश शब्द आला की आम्ही वळलोच,
उद्धट नको वाटायला.
माझी आई डॉक्टरकडे कधी
स्वतःच्या भाषेत दुखली नाही.

त्या दिवशी मी तावातावानं बोललो,
दुकानांच्या पाट्यांवर, शाळांवर, सगळ्यांवर.
तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"आणि कुंदाशी घरात बोलता ती?"
"ती? ती कुठं भाषा? आगरी ते,
आमचं आपलं घरातलं."

बराच वेळ ती पिशवीचा बंद गुंडाळत बसली.
आमच्या वर डोंगरात एक दरी आहे, म्हणाली,
तिथली भाषा तिसरीच. फार थोडे लोक बोलतात.
आम्ही माद्रिदबद्दल जे बोलतो
ते तिथं आमच्याबद्दल बोलतात.
आणि गप्प राहिली.
चौथीत 'डोला' म्हणालो म्हणून
गुरुजींनी ज्या हातावर पट्टी मारली
तो हात मी खिशात घातला. का, माहीत नाही.

जानेवारीत गच्चीवर पोपटी लावली.
मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्डीचा पाला.
तिनं वाशीच्या मार्केटमधून पातीचे कांदे आणले होते, जुडीच्या जुड्या,
ते थेट जाळावर टाकले, कोळसा होईस्तोवर.
कुंदा ओरडली, जळलं गो बाय!
मरिचेलनं एक उचलला, काळी साल ओढून काढली,
आत पांढराशुभ्र, लोण्यासारखा;
बदामाच्या चटणीत बुडवून
मान मागं टाकून अख्खा तोंडात सोडला.
गावाकडे फेब्रुवारीत सगळे असेच उभे असतात, म्हणाली,
गळ्यात फडकं, हनुवटीवर चटणी,
त्या वेळी कोण कुठल्या पक्षाचं ते ओळखू येत नाही.
"पानी दे गो," तिनं कुंदाला सांगितलं.
पानी. नळातला न.
मी सुधारलं नाही.

खिशात दलालाचा फोन वाजत होता.
हात काळे होते, उचलला नाही.
एवढंच. बाकी अजून काही ठरलेलं नाही.