तुकडा तेरावा

ऐरोली, रात्रपाळी.
आमच्याकडे दिवसाला तास नसतात.
पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव तुकडे असतात
आणि प्रत्येकावर आदल्या दिवशीच लिहून ठेवलेलं असतं
कुणी किती जळायचं.

स्वस्त तो आधी.
यादी साधी आहे, भाजीबाजारात घासाघीस करणाऱ्या कुणालाही कळेल अशी.
खाणीच्या तोंडाशी बसलेले संच वर,
लांबून कोळसा मागवणारे खाली,
वायूवाले तळाला, हाक येईपर्यंत गप्प.
कोयनेचं पाणी मात्र या यादीत नीट बसत नाही.
ते फुकट आहे आणि मोजकं आहे,
सणासाठी फडताळात मागे सारलेल्या तुपासारखं.

तन्मय गजभिये नवा आहे, चंद्रपूरचा.
दोरीवरच्या कपड्यांवरून राख झटकत वाढलेला.
त्याचं गणित माझ्यापेक्षा चांगलं.
"मॅडम, स्वस्तातले भरायचे बाकी आहेत,
मग तळाचा हा महागडा कशाला पेटवून ठेवलाय, तोही अर्ध्या पोटी?
रात्रीचे अकरा लाख जातात."

मी म्हटलं, काही तुटलं तर.
तो म्हणाला, आणि नाही तुटलं तर?

तेही खरंच.
गेल्या एकशे चाळीस रात्री काही तुटलं नव्हतं.
ते सगळे पैसे धुरात गेले, माझ्या सहीने.

दादा मिठागरावर होते, खाडीच्या अंगाला.
बांधालगत चिखलाचा एक ढीग कायम ओला ठेवायचे,
उन्हाळाभर रोज दोन घमेली पाणी.
येणारेजाणारे हसायचे,
मढवी, चिखलाला पाणी घालून काय उगवतं रे?
दादा उत्तर द्यायचे नाहीत.
बोटांवर उधाणाची तिथी मोजत बसायचे.
बांध कधी फुटला का, मला आठवत नाही.
ढीग आठवतो.

हे मी तन्मयला सांगितलं नाही.
चिखल सूत्रात मांडता येत नाही.
सूत्रात असं असतं:
प्रत्येक तार गेली असं धरून चाला, एकेक करून,
तरीही दिवे लागलेले हवेत,
आणि हे सगळं
कमीत कमी पैशात.

तीन वाजून सात मिनिटं.
विदर्भातला एक संच, यादीत सगळ्यात वरचा,
सगळ्यात स्वस्त, पाचशे मेगावॅट,
गेला.
आवाज येत नाही. फक्त एक चौकोन लाल होतो.
४९.९८
४९.९५
४९.९३
आणि पडघ्याकडून येणाऱ्या तारा भरत चालल्या,
ऐंशी टक्के, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव.

तळाच्या त्या अर्धपोट्याला सांगितलं, चढ.
तो जागाच होता. चढला.
कोयनेला फोन लावला. तूप काढलं.
तन्मयच्या हातात कप तसाच,
चहावर साय धरेपर्यंत.
अकरा मिनिटं.

या अकरा मिनिटांत
महाप्याच्या डेटा सेंटरमधले पंखे फिरत राहिले,
कळव्याच्या रुग्णालयात काचेच्या पेटीत
कुणाचं दोन दिवसांचं बाळ उबेत राहिलं,
घणसोलीत कुणीतरी फ्रीज उघडला,
उभ्यानेच पाणी प्यायलं, आणि झोपायला गेलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"
तन्मयने विचारलं.
नव्हतं रे.
भीती होती. तिचा दर तेवढा काढून ठेवला होता.

नोंदवहीत लिहिलं:
०३.०७, संच बंद. राखीव क्षमता वापरली.
ग्राहकांवर परिणाम नाही.
महिनाअखेरीस लेखा विभागाचं पत्र येईल,
बाकीच्या रात्रींचा खुलासा मागणारं.
तेव्हा तन्मयला म्हणेन, मसुदा तू कर.

पाचला गिझर लागू लागतात, आलेख उभा राहतो.
अठ्ठाविसावा तुकडा संपवून मी निघते.
दिवागावाकडे वळताना, ढीग असायचा त्या जागी
आता आमचाच मनोरा आहे,
पाय खाडीत सोडून उभा.
स्कूटर थांबवते.
पाणी कुठवर चढलंय बघते,
आणि नकळत बोटांवर
तिथी मोजू लागते.