शुद्धिपत्र

पान दोनशे चौदा, ओळ अकरावी.
तिथे दोन आखूड रेघा हव्या होत्या,
शेजारी शेजारी, मध्ये जागा न सोडता.
छापली गेली एकच, लांब.

इलियास तांबोळींच्या मशीनला वाटलं,
हा माणूस वाक्यात थांबतोय,
दम खातोय, काहीतरी मनातलं बोलणार आहे.
त्याने आपलं मोठ्या मनाने
दोन्ही रेघा जोडून टाकल्या.

नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही तिघं दीड वर्ष बसलो
एका फुकट प्रणालीचं पुस्तक करायला.
फुकट नाही हो, मुक्त, मी म्हणायचो.
आगटेबाई चष्म्यावरून बघायच्या :
मुक्त आहे तर किंमत कसली छापताय?
कागदाची, बाई.
मग तसं लिहा.
तसं लिहिलंय. पहिल्याच पानावर.

बाईंनी जन्मभर क्रमिक पुस्तकांची मुद्रितं तपासली.
संगणकाला कधी बोट लावलं नाही.
आज्ञांची यादी त्या धातूंसारखी वाचायच्या :
दाखव, हलव, शोध, पूस, मार.
सगळं आज्ञार्थी, एकवचनी, म्हणाल्या,
या भाषेत कुणी कुणाला विनंती करत नाही का?

आणि मेली तरी यादीत राहते, ती कुठली प्रक्रिया?
मी समजावून सांगितलं.
म्हणजे रेशनकार्डावरची नावं, त्या म्हणाल्या,
आणि खूण करून पुढे गेल्या.
अनाथ प्रक्रियेपाशी मात्र थांबल्या.
जन्म देणारी आधी संपली, तर लेकरू कुणाकडे जातं?
क्रमांक एककडे. ती सगळ्यांना पदरात घेते.
बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ.
मग म्हणाल्या, हे पुढच्या प्रकरणात नको,
इथेच घ्या.

पोस्टकार्ड आलं वेल्ह्याहून.
कल्पना शिळीमकर, आयटीआय, दुसरं वर्ष.
'छापल्याप्रमाणे टाइप केले. मशीन म्हणते, कळत नाही.
अकरा वेळा केले.
पुस्तक आहे म्हटल्यावर चूक माझीच असणार.
मग मशीनचेच पान उघडले, इंग्रजी,
शब्दकोश घेऊन बसले.
तिथे रेघा दोन आहेत.
तरी कळवते. राग नसावा.'

अकरा वेळा.

पाचशेतल्या तीनशे बारा प्रती
कसब्यात बाइंडरकडे पडून होत्या.
इलियासभाईंनी मशीनचं ते शहाणपण बंद केलं,
चिठ्ठ्या काढल्या, कातरल्या.
बाईंनी घरून खळ करून आणली, स्टीलच्या डब्यात,
मोरचूद टाकून, झुरळं लागू नयेत म्हणून.
रविवारी दिवसभर आम्ही चिकटवत राहिलो
दोन आखूड रेघा.
पंख्याखाली चिठ्ठ्या उडायच्या,
इलियासभाई शिव्या द्यायचे, अर्थात आज्ञार्थीच.

उरलेल्या एकशे अठ्ठ्याऐंशी कुठे गेल्या
त्याची नोंद नाही.
रात्री लकडी पुलावरून स्कूटर नेताना
मला त्याच दिसतात :
कुठल्यातरी ट्यूबखाली उघडं पान,
आणि कुणीतरी बाराव्यांदा टाइप करतंय,
स्वतःला बोल लावत.

मी वेल्ह्याला उत्तर लिहिलं. आभार.
दुसऱ्या आवृत्तीत नाव घालू का, विचारलं.
आठवड्याने कार्ड आलं.
नावाचं काही नाही. एकच ओळ :
पान तीनशे दोन पण बघावे.